पैसे अडवा, पण कारण सांगा

प्रति,
पेमेंट व सेटलमेंट सिस्टीम्स विभाग, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई,
आणि या बँकेच्या परवान्यावर चालणाऱ्या सर्व पेमेंट ॲग्रीगेटर कंपन्यांचे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, मान्सून २५ मेला तळकोकणात उतरला. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या दिवशी आमच्या पडवीत रातांब्यांचे चार क्रेट होते. असायला हवे होते चाळीस. ते छत्तीस क्रेट का आले नाहीत, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

रातांबे विकत घ्यायचे ४१,३०० रुपये तेव्हा तुमच्यापैकी एका पेमेंट ॲग्रीगेटर कंपनीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन दुकानदाराला पोहोचवणाऱ्या कंपनीच्या, एस्क्रो खात्यात (हे पैसे वेगळे ठेवायच्या बँकेतल्या खात्यात) पडून होते. पैसे आमचे होते. गिऱ्हाइकांनी दिलेले होते. त्यांचा माल त्यांच्या घरी पोहोचला होता, काहींनी तर आमसुलांची सोलकढी करून तिचा फोटोही पाठवला होता. आमच्या दुकानाच्या डॅशबोर्डवर मात्र लाल अक्षरांत एकच ओळ १९ दिवस दिसत होती: ‘सेटलमेंट ऑन होल्ड’, म्हणजे तुमचे पैसे देणं थांबवलं आहे. का, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. एप्रिल-मेमध्ये ते पिकतं. फोडून बिया काढायच्या, सालं रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पुटं देत देत आमसूल काळंभोर होतं. या सगळ्याला कडक ऊन लागतं, आणि कोकणात ते ऊन मोजून मिळतं. आभाळ भरून आलं की फळ झाडावरच सडतं आणि वाळत घातलेल्याला बुरशी धरते. म्हणजे आमच्या धंद्यात मे महिन्यातला रुपया आणि जून महिन्यातला रुपया यांची किंमत सारखी नसते. २७ मेला पैसे खात्यात आले. पूर्णच्या पूर्ण आले, एक पैसा कमी नाही. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता.

आम्ही दोघी जावा देवरुखजवळच्या गावात हे दुकान चालवतो. आमसुलं, आगळ (कोकमाचा रस), आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, सांडगी मिरची. माल बचत गटातल्या बायका करतात, हिशेब आणि पार्सलं मी बघते, आणि दुकान कागदोपत्री धाकट्या जावेच्या नावावर आहे, कारण तिला संगणकातलं कळतं. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपवर सुरुवात केली. क्यूआरचा फोटो पाठवायचा, गिऱ्हाईक पैसे पाठवणार, स्क्रीनशॉट धाडणार, आम्ही पार्सल बांधणार.

हे पहिलं वर्षभर बरं चाललं. मग गोंधळ सुरू झाला. एका दुपारी ५२० रुपये तीनदा आले आणि ५२० रुपयांच्या ऑर्डरी होत्या चार. पासबुकात नावाच्या जागी कुणाचा मोबाइल नंबर, कुणाच्या मुलाचा आयडी. चौथा स्क्रीनशॉट खोटा होता, हे पार्सल गेल्यावर कळलं. शिवाय बँकेतल्या साहेबांनी हटकलं की बचत खात्यात धंद्याचे पैसे घेऊ नका, चालू खातं उघडा. तेव्हा ठरवलं की स्वतःची वेबसाइट काढायची आणि रीतसर पेमेंट गेटवे लावायचा. म्हणजे कुठले पैसे कुठल्या ऑर्डरचे हे यंत्रच सांगेल. तुमच्या व्यवस्थेबद्दल मला तेव्हा आदर होता, आजही आहे. खोट्या स्क्रीनशॉटला फसलेल्या बाईला पडताळणीचं महत्त्व कुणी समजावून सांगायला नको.

तर अर्ज केला. पॅन, आधार, रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणी, अन्नपदार्थांची नोंदणी, जीएसटी. जीएसटीचं एक नवल सांगते. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी नको असं सगळे सांगतात, पण माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर ती सवलत गेली. आम्हांला बेळगावची गिऱ्हाइकं होती, चांगली मराठी बोलणारी, आमच्यापेक्षा जास्त आमसुलं खाणारी. आमची उलाढाल तेव्हा २ लाखही नव्हती, तरी बेळगावच्या पार्सलासाठी नोंदणी करावी लागली. असो, तो तुमचा विभाग नव्हे.

वेबसाइटवर अटी, गोपनीयता, परतावा आणि माल पोहोचवणं यांची पानं हवीत असं कंपनीने कळवलं. बरोबर आहे, गिऱ्हाइकाला माहीत पाहिजे. पुतण्याने कुठल्याशा दुकानाचं परतावा धोरण उतरवून घेतलं आणि अर्ज पुढे सरकला. सहा महिन्यांनी मी ते नीट वाचलं तेव्हा कळलं की आमच्याकडची आंबापोळी ‘न वापरलेली, न धुतलेली आणि लेबलासकट’ असेल तरच परत घेतली जाईल असं आम्ही जगाला सांगत होतो. तुमच्या पडताळणीतून हे सहीसलामत पार झालं.

जे अडलं ते जावेचं नाव.

हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे महाराष्ट्रातल्या किती बायका अडत असतील याचा अंदाज तुम्हांला यावा. जाऊ लग्नाआधी मुंबईत नोकरीला होती. पॅन तेव्हाचं, माहेरच्या नावाचं. २००९ मध्ये लग्न झालं. आमच्याकडे रीत अशी की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. आडनाव तर बदलतंच, आमच्या घरात पहिलं नावही बदललं. मग आधार आलं ते सासरच्या नावाने. बँकेतलं खातंही सासरच्या नावाने, पण तिथे आधी आडनाव, मग तिचं नाव, मग नवऱ्याचं, अशी उलटी मांडणी. एकच बाई, तीन कागद, तीन नावं.

कंपनीचं यंत्र काय करतं, तर खात्यात १ रुपया टाकतं, बँकेकडून खातेदाराचं नाव मागवतं आणि ते पॅनवरच्या नावाशी ताडून बघतं. आमचा रुपया आला. नाव जुळलं नाही. अर्ज नामंजूर. कारणाच्या रकान्यात दोन शब्द: ‘डॉक्युमेंट मिसमॅच’. कुठलं डॉक्युमेंट? कशाशी जुळत नाही? आम्ही चेकचा फोटो पुसट असेल म्हणून नवा काढला. पुन्हा नामंजूर. पत्त्यात ‘मु. पो.’ लिहिलं होतं ते काढलं. पुन्हा नामंजूर. प्रत्येक वेळी १ रुपया मात्र इमानदारीत जमा होत होता. तिसऱ्या खेपेला जाऊ म्हणाली, वहिनी, असंच चालू राहिलं तर यातूनच रातांब्यांचे पैसे सुटतील.

शेवटी मार्ग दाखवला तो तुमच्याच कागदाने. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, निर्देशांत स्पष्ट लिहिलं होतं की कागद दिल्यानंतर नाव बदललं असेल तरी राज्य सरकारचा विवाह दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडलं तर तो कागद ग्राह्य धरायचा. म्हणजे जावेसारख्या बाईचा विचार तुम्ही आधीच केलेला होता. ग्रामसेवकांकडून विवाह नोंदणीचा दाखला काढला. पण तो जोडायला अर्जात जागाच नव्हती! नावाच्या कागदांसाठी पॅन, आधार आणि चेक, एवढ्याच तीन खिडक्या. नियम करणाऱ्याला जावेचं नाव कळलं होतं, खिडक्या पाडणाऱ्याला कळलं नव्हतं. आम्ही चेकच्या खिडकीत चेक आणि विवाह दाखला असे दोन्ही एका फोटोत ठेवून पाठवले, आणि देवाच्या दयेने त्या दिवशी ते कुणा माणसाच्या नजरेला पडलं असावं. दोन दिवसांत मंजुरी आली. अर्ज केल्यापासून अकरावा आठवडा होता.

पहिल्याच नकारात ‘पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं आहे, नाव बदललं असल्यास विवाह दाखला जोडा’ एवढं वाक्य लिहिलं असतं, तर हे काम एका आठवड्याचं होतं. माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच संपतं. पुढचं सगळं याच एका वाक्याच्या अभावाचं आहे.

पैसे घ्यायचे मार्ग कोणते ठेवायचे, यावर आम्ही दोघींनी बराच काथ्याकूट केला. आमची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं यूपीआयवाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुरू झालेली ही पद्धत आता भाजीच्या टोपलीपर्यंत पोहोचली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार यूपीआयवर झाले. आमचेही थोडे त्यात धरा. कार्डवाली गिऱ्हाइकं बहुतेक पुण्या-मुंबईची, नेट बँकिंगवाले निवृत्त प्राध्यापक आणि बँकेतलेच लोक. वॉलेट आम्ही ठेवलं आणि दोन वर्षांत त्यातून चार ऑर्डरी आल्या.

खर्चाबद्दल मी फार कुरकुर करणार नाही. कंपनी प्रत्येक व्यवहारावर २ टक्के घेते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. ३५० रुपयांच्या ऑर्डरला ८ रुपये २६ पैसे. बाटलीचं बूच महाग पडतं त्यापेक्षा. पण १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, घ्यायचा नाही असं सरकारने ठरवलं, आणि २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला इतर डेबिट कार्डांवर तो ०.४० टक्क्यांपेक्षा जास्त लावायचा नाही हे तुम्हीच २०१८ पासून ठरवून दिलं आहे. मग आमच्या बिलात सगळ्यांवर सरसकट २ टक्के कसे? विचारलं तर उत्तर आलं की हा एमडीआर नव्हे, प्लॅटफॉर्म शुल्क आहे. असेल. कंपनीनेही पोट भरायला हवं, यंत्रं फुकट चालत नाहीत. मग बिलात तसं फोडून लिहा की यूपीआयवर एमडीआर शून्य, डेबिट कार्डावर इतका, आणि उरलेली आमची मजुरी इतकी. किराणा दुकानातला माणूससुद्धा हमाली वेगळी लिहितो.

आता कॅश ऑन डिलिव्हरी. हे आम्हांला नको होतं, पण गिऱ्हाइकांनी सोडलं नाही. सांगली-सोलापूरकडच्या वयस्कर बायका फोन करून म्हणायच्या, आधी वस्तू हातात येऊ दे, मग पैसे देऊ. यात वावगं काही नाही. माझे वडील पोस्टाने व्हीपीने पुस्तकं मागवायचे. पोस्टमन दारात पार्सल घेऊन उभा, वडील खुंटीवरच्या सदऱ्यातून पैसे काढताहेत, आणि तो पैसा मग पोस्टच पुस्तकवाल्याला पोहोचवणार. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे तीच व्हीपी, नवं नाव घेऊन आली इतकंच. त्यामुळे आम्हीही ठेवली. दहातली दोन पार्सलं परत येऊ लागली. घरी कुणी नव्हतं, विचार बदलला, सुनेने मागवलं आणि सासऱ्यांनी परत पाठवलं, अशी कारणं. आगळाच्या बाटल्या जाता-येता फुटून येत, जाण्याचं भाडं आमचं आणि येण्याचंही आमचं. शेवटी ५० रुपये आगाऊ आणि उरलेले दारात, असा मध्यममार्ग काढला. तेव्हापासून परतीचं प्रमाण बरंच उतरलं. ५० रुपये दिलेला माणूस पार्सल सहसा नाकारत नाही.

व्हीपी परत आली तरी पाकिटावर पोस्टमनच्या हातचा शेरा असायचा. ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’, ‘पत्ता अपुरा’. आम्हांला आज कुरियरकडूनही तसा शेरा मिळतो. सगळ्यात मोठ्या रकमा ज्यांच्या हातात आहेत त्या पेमेंट कंपन्यांकडूनच मिळत नाही.

पैसे मध्येच अडकण्याचं दुखणं तुम्हांला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम वजा होते, पण ती मिळाल्याचा बँकेचा निरोप आमच्या दुकानापर्यंत पोहोचत नाही. त्याला वाटतं पैसे दिले, आम्हांला दिसतं ‘पेंडिंग’. यावर तुमचा सप्टेंबर २०१९ चा चांगला नियम आहे. ऑनलाइन दुकानातल्या कार्डाच्या किंवा यूपीआयच्या व्यवहारात असं झालं तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत गेले पाहिजेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर गिऱ्हाइकाला दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. हा नियम माझ्या एकाही गिऱ्हाइकाला माहीत नव्हता. मिरजेच्या एका आजींचे ८४० रुपये असे अडकले. त्या मला रोज सकाळी फोन करायच्या, शिव्या द्यायच्या नाहीत, नुसतं म्हणायच्या, ‘बाळ, बघितलंस का गं?’ त्या पाच दिवसांत मी जितकी शरमले तितकी आयुष्यात कधी शरमले नसेन, आणि माझा काडीचा दोष नव्हता. सहाव्या दिवशी पैसे त्यांच्या खात्यात परत गेले. ऑर्डर त्यांनी पुन्हा दिली, पण कॅश ऑन डिलिव्हरीने.

व्यवहार फसल्यावर पडद्यावर काय दिसतं, तर ‘समथिंग वेंट राँग’. त्याजागी मराठीत इतकं येऊ शकतं: ‘तुमचे पैसे दुकानाला मिळालेले नाहीत. अमुक तारखेपर्यंत ते तुमच्या खात्यात परत येतील. न आल्यास बँकेकडे हा क्रमांक सांगा.’ तारीख मोजायला यंत्राला क्षणही लागत नाही. लोकांनी ओटीपी कुणाला सांगू नये म्हणून रिझर्व्ह बँक मराठीत जाहिराती करते, त्या आमच्या गावात ऐकू येतात. मग पैसे अडकलेल्या माणसाशी इंग्रजीत का बोलायचं?

आणि आता तो मे महिना.

५ ते ७ मे या तीन दिवसांत आम्हांला ७० ऑर्डरी आल्या. एरवी आठवड्याला पंधरा-वीस येतात. झालं असं की पुण्यातल्या एका बाईंनी आमच्या फणसपोळीचा फोटो त्यांच्या सोसायटीच्या गटात टाकला, तिथून तो आणखी कुठे कुठे गेला. आम्ही खूश. रात्रीचे बारा-बारा वाजेपर्यंत पार्सलं बांधली. ८ तारखेला सकाळी पैसे यायचे ते आले नाहीत, ती लाल ओळ आली.

मी कंपनीच्या जागी बसून विचार करून पाहिलं. एका छोट्या दुकानात अचानक चौपट धंदा झाला, म्हणजे काहीतरी गडबड असू शकते. खोटी दुकानं काढून लोकांचे पैसे गोळा करून पळणारे आहेत, त्यांना पकडायलाच हवं. दोन दिवस पैसे थांबवून चौकशी करा, माझी हरकत नाही. फोन करा, पार्सलाच्या पावत्या मागा, वाटलं तर व्हिडिओवर आमची पडवी बघा. यातलं काहीही झालं नाही. मी तक्रारीचं तिकीट काढलं, यंत्राने आभार मानले. दुसरं काढलं, यंत्र म्हणालं ‘तुमचा विषय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. कुरियरच्या सत्तरच्या सत्तर पावत्या कुणी न मागता पाठवल्या. तिकीट ‘सुटले’ म्हणून बंद झालं. लाल ओळ तशीच.

तुमच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमावा लागतो. आम्ही वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांतून त्याचा पत्ता शोधला आणि ईमेल केलं. उत्तर आलं ते पुन्हा तिकीट काढा असं.

ते १९ दिवस मी तुमची मार्च २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं वाचत होते. इंग्रजी माझं दहावीपुरतं, पुतण्या शेजारी बसून अर्थ सांगायचा. त्यात होतं की गिऱ्हाइकाचा पैसा कंपनीने स्वतःच्या पैशात मिसळायचा नाही, बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचा. माल पोहोचवण्याची जबाबदारी दुकानदाराची असेल तर माल पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे द्यायचे. वाचून बरं वाटलं. मग पुतण्याने आम्ही टिचकी मारून मान्य केलेला करारनामा उघडला. त्यात होतं की संशय वाटल्यास रक्कम रोखून ठेवण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. कशाचा संशय, किती दिवस आणि किती रक्कम, यांतलं काहीच नव्हतं. नियमाचा बांध घातला, आणि करारातल्या एका ओळीने त्याला भोक पाडलं.

दरम्यान रातांबेवाले येऊन जात होते. डोंगरावरच्या वाडीतला माणूस दोन वेळा विचारायला आला, तिसऱ्यांदा नाही आला. त्याने आपले रातांबे चिपळूणच्या व्यापाऱ्याला दिले. मी त्याला दोष देत नाही. ‘पैसे येणार आहेत, संगणकात दिसताहेत’ या माझ्या बोलण्यावर मी तरी विश्वास ठेवला असता का? गटातल्या पाच बायकांची त्या महिन्यातली मजुरी बुडाली. त्यांच्या मुलांच्या शाळेच्या वह्या-दप्तरांचा खर्च याच मजुरीतून निघतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये तुम्ही पेमेंट ॲग्रीगेटरांसाठी नवे निर्देश काढलेत, जुने नियम एकत्र बांधलेत, दुकानात समोरासमोर पैसे घेणाऱ्या कंपन्यांनाही त्यात आणलंत. चांगलं केलंत. म्हणजे नियमांवर पुन्हा बसून विचार करता येतो, हे सिद्धच झालं. त्याच बैठकीत आणखी थोडं बसा.

दुकानदाराचा अर्ज नाकारला किंवा पैसे रोखले तर त्याच दिवशी त्याला लेखी कारण मिळावं, त्याने निवडलेल्या भाषेत. ‘मिसमॅच’, ‘रिस्क’, ‘पॉलिसी’ हे शब्द कारण म्हणून धरले जाऊ नयेत. कुठल्या कागदातलं काय कशाशी जुळत नाही आणि ते जुळवायला काय हवं, हे त्यात असावं. ज्या व्यवहारांचा संशय आहे तेवढेच अडवावेत. सत्तर ऑर्डरींतल्या तीन खटकल्या तर तीन थांबवा, सदुसष्ट सोडा. माल पोहोचल्याची पावती दिल्यावर ठरावीक दिवसांत निर्णय झाला पाहिजे. आणि गिऱ्हाइकाला उशिराचे दिवसाला १०० रुपये देता, ते योग्यच आहे, पण निष्कारण अडवलेल्या दुकानदाराला का नाही? रक्कम किती असावी यावर मी भांडणार नाही. कंपनीला दिवसाला काहीतरी भरावं लागलं की तिकिटाला माणूस आपोआप मिळेल, असं माझं भाबडं गणित आहे.

कोल्हापूरकडच्या एका चपलावाल्याची गोष्ट यात घालावी का, यावर मी दोन दिवस विचार केला, कारण तिथे दोष कंपनीचा नाही. त्याच्या एका गिऱ्हाइकाने १,२०० रुपये दिले, ते पैसे मुळात कुठल्यातरी ऑनलाइन फसवणुकीतून फिरत आलेले निघाले. परराज्यातल्या पोलिसांचं पत्र बँकेत आलं आणि याचं सगळं खातं गोठलं. चामड्याचे पैसे, कारागिरांचे पैसे, घरातला किराणा, सगळं त्यात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करणाऱ्या बिचाऱ्याचे पैसे परत मिळायलाच हवेत. पण १,२०० रुपयांसाठी सगळं खातं? बँक म्हणे पोलिसांना विचारा, पोलीस ठाणं दीड हजार किलोमीटरवर आणि फोन उचलत नाहीत. पेमेंट कंपन्यांनी निदान एवढं करावं की पैसे कुठून आले, माल कुठे गेला, पावती काय, याचा एक दाखला दुकानदाराला एका टिचकीत मिळावा. ही सगळी माहिती त्यांच्याकडेच असते. तो दाखला घेऊन माणूस बँकेत उभा तरी राहू शकेल.

गटातल्या ज्या बाया हे वाचतील त्यांच्यासाठी मध्येच दोन शब्द. दुकानाचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा. कुरियरच्या पावत्या फेकू नका. लेकीचं लग्न ठरलं की पॅन, आधार आणि पासबुक तिघांवर एकच नाव करून घ्या, आणि शक्य असेल तर तांदळात तिचं आहे तेच नाव लिहायला सांगा.

रिझर्व्ह बँकेच्या ज्या कुणा अधिकाऱ्याच्या टेबलावर हे पत्र येईल, त्यांना एक विनंती. आमच्या जागी बसून एकदा अर्ज करून बघा. पॅन माहेरचं, आधार सासरचं, फोन साधा, रेंज घाटातली. कुणाच्या ओळखीने नाही, नुसता अर्ज. कितव्या दिवशी कारण कळतं, ते मोजा.

यंदा रातांब्यांना बऱ्यापैकी फळ धरलं आहे, अजून हिरवी आहेत. एप्रिलअखेर पहिली तोड येईल. वाडीतल्या माणसाला आम्ही यावेळी अर्धे पैसे आगाऊ देऊन ठेवले आहेत, जावेच्या बांगड्या ठेवून. वेबसाइटवरच्या पैशांचा भरवसा धरायचा की नाही, हे अजून ठरत नाही.

आपली,
धाकट्या जावेच्या वतीने, थोरली जाऊ
देवरुख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

ता. क. परतावा धोरणातलं लेबलाचं वाक्य आम्ही काढून टाकलं आणि तिथे साध्या मराठीत लिहिलं, ‘बाटली फुटून आली तर फोटो पाठवा, दुसरी पाठवू.’ त्यावर कंपनीकडून तासाभरात ईमेल आलं की धोरणात बदल आढळल्याने खात्याची पुन्हा तपासणी सुरू केली आहे. कारण अर्थातच लिहिलेलं नाही.